बंद खोलीतली हवा मोजणारे पेटनकोफर

इ.स. १८५० च्या सुमारास बव्हेरियाचा राजा दुसरा मॅक्सिमिलियन याच्यासमोर एक घरगुती स्वरूपाची अडचण उभी राहिली. म्युनिकच्या राजवाड्यात हिवाळ्यातील ऊब पूर्वी दालनोदालनी असलेल्या शेगड्यांतून मिळत असे. आता भट्टीत हवा तापवून ती नळांवाटे दालनांत सोडण्याची नवी पद्धत आली होती. ऊब भरपूर मिळे, पण त्या हवेत घसा कोरडा पडतो, अशी तक्रार होऊ लागली. उष्णता तर दोन्हीकडे सारखीच. मग एक हवा सुखाची आणि दुसरी त्रासाची का, हा प्रश्न राजाने जाणकारांपुढे ठेवला. त्याचे उत्तर शोधण्याचे काम ज्या तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे आले, त्याचे नाव मॅक्स पेटनकोफर. घराच्या आतील हवा ही मोजण्याजोगी, तपासण्याजोगी आणि माणसाच्या प्रकृतीशी थेट जोडलेली वस्तू आहे, हा विचार पुढे ज्यांच्यामुळे शास्त्राच्या पदवीला पोहोचला, ते हेच.

त्यांनी दिलेले उत्तर आज सोपे वाटते. शेगडी खोलीतलीच थोडी हवा ओढते आणि धुराड्यावाटे बाहेर टाकते. तिच्या जागी बाहेरची तेवढीच हवा फटींतून आत येते. भट्टीची व्यवस्था मात्र बाहेरची थंड हवा मोठ्या प्रमाणात तापवून सतत आत लोटते. गोठलेल्या हवेत मुळातच बाष्प कमी. ती तापली की तिची तहान वाढते आणि ती लाकूड, कापड, माणसाची त्वचा, घसा या सगळ्यांतले पाणी शोषून घेते. म्हणजे फरक उष्णतेत नव्हता, खोलीतून ताशी किती हवा वाहते यात होता. १८५१ मध्ये त्यांनी या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. राजाच्या तक्रारीचे निवारण झाले असेल वा नसेल, पण एका माणसाच्या आयुष्याची दिशा त्यातून ठरून गेली.

पेटनकोफर यांचा जन्म ३ डिसेंबर १८१८ रोजी डॅन्यूब नदीकाठच्या दलदलीच्या मुलखात, लिख्टनहाइम नावाच्या लहानशा वस्तीत झाला. घरची स्थिती बेताची, भावंडे पुष्कळ. त्यांचे काका फ्रान्झ क्साव्हर हे म्युनिकमध्ये दरबारी औषधालयाचे प्रमुख होते. त्यांनी पुतण्याला शिक्षणासाठी आपल्याकडे नेले आणि पुढे आपल्याच औषधालयात उमेदवारीला लावले. काका शिस्तीचे, पुतण्या मनस्वी. एके दिवशी काहीतरी हातून बिघडले आणि काकांनी कानशिलात लगावली, तेव्हा पुतण्याने औषधालय सोडले आणि आउग्सबुर्ग गाठून नाटकमंडळीत प्रवेश केला, असे सांगितले जाते. आडनावाचा पुढचा-मागचा भाग कापून घेतलेल्या टोपणनावाने त्यांनी रंगभूमीवर कामेही केली. नाटकाच्या पडद्यावरून त्यांना परत आणले ते चुलत बहीण हेलेना हिने. पुढे १८४५ मध्ये दोघांचा विवाह झाला. (युरोपातील त्या काळच्या रीतीप्रमाणे चुलत भावंडांचा विवाह वावगा नव्हता.) रंगमंचावर उभा राहिलेला मनुष्य आता दरबारी औषधालयाला शोभणार नाही, तेव्हा त्याने निदान वैद्य तरी व्हावे, असा काकांचा निवाडा होता म्हणतात. कथा रंगवलेली असू शकेल. पण १८४३ मध्ये पेटनकोफर वैद्यक आणि औषधशास्त्र या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाले, ही गोष्ट पक्की आहे.

वैद्यकी मात्र त्यांनी फारशी केली नाही. ओढा रसायनाकडे होता. गीसन येथे युस्टस फॉन लीबिग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. पित्तातील आम्ले ओळखण्याची त्यांनी शोधलेली कसोटी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. म्युनिकला परतल्यावर विद्यापीठात जागा नव्हती, म्हणून टाकसाळीत नोकरी धरली आणि जुन्या नाण्यांतील सोने, चांदी, प्लॅटिनम वेगळे करण्याच्या रीती सुधारल्या. लाकडापासून दिव्याचा वायू काढला. धुरकट झालेल्या जुन्या तैलचित्रांना मद्यार्काच्या वाफेने पुन्हा झळाळी आणण्याची युक्ती शोधली. १८४७ मध्ये विद्यापीठात नेमणूक झाली आणि १८५० मध्ये काकांच्या निधनानंतर दरबारी औषधालयही त्यांच्याकडे आले. इतक्या विखुरलेल्या कामांची यादी पाहून हा माणूस एका जागी टिकणार नाही असेच कोणालाही वाटले असते. राजवाड्याच्या गरम हवेने त्यांना एका जागी बसवले.

हवेविषयी त्या काळी बोलणारे पुष्कळ होते, मोजणारे थोडे. कोंदट खोलीत माणसाचा जीव घुसमटतो, डोके जड होते, मुले फिकट दिसतात, हे सर्वांना ठाऊक होते. प्रश्न होता की कोंदटपणा म्हणजे नेमके काय आणि तो किती. नाकावर विसंबावे तर खोलीत बसलेल्याला तो वास थोड्या वेळात जाणवेनासा होतो. बाहेरून आत येणाऱ्यालाच तो कळतो. पेटनकोफर यांनी नाकाच्या जागी रसायन आणले. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती पांढुरकी होते, हे शाळेतील प्रत्येक मुलाला माहीत असते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे असे घडते. त्यांनी चुन्याऐवजी बेरियमची निवळी घेतली. मोठ्या बाटलीत खोलीतील हवा भरायची, ठरलेल्या मापाची निवळी तीत घालून हलवायची, कार्बन डायऑक्साइड साक्याच्या रूपाने खाली बसू द्यायचा आणि उरलेल्या निवळीची तीव्रता आम्लाने मोजायची. किती निवळी खर्ची पडली यावरून हवेत तो वायू किती होता, ते कळे. रीत साधी, स्वस्त आणि कोणालाही पुन्हा करून पाहता येईल अशी होती. पुढची कित्येक दशके ती त्यांच्या नावाने वापरली गेली.

ही बाटली घेऊन ते शयनगृहांत, शाळांत, पानगृहांत आणि व्याख्यानगृहांत फिरले. मोकळ्या हवेत त्यांना दर हजार भागांत अर्ध्या भागाहूनही कमी कार्बन डायऑक्साइड आढळे. लीबिग यांचे व्याख्यान लोकप्रिय होते, सभागृह खचाखच भरे. व्याख्यान संपताना तेथे दर हजारी तीनहून अधिक भाग भरले. सर्वांत वाईट आकडा मिळाला तो एका वर्गखोलीत. लहान मुलींनी भरलेल्या त्या बंद खोलीत तो हजारी सातच्या घरात गेला. गुरूंच्या व्याख्यानगृहातील हवेचा आकडा छापून प्रसिद्ध करण्यास थोडे धैर्य लागले असावे. पण अधिक बोलका होता तो मुलींच्या शाळेचा आकडा, कारण व्याख्यानाला जाणे न जाणे श्रोत्याच्या हाती असते, वर्गात बसणे मुलांच्या हाती नसते.

१८५८ मध्ये राहत्या इमारतींतील हवेच्या देवघेवीवर त्यांचा ग्रंथ निघाला. त्यासाठी त्यांनी पॅरिसच्या रुग्णालयांतील वायुविजनाच्या यंत्रणाही पाहिल्या होत्या. या ग्रंथातील एक मर्यादा पुढे जगभर गेली: ज्या खोलीत माणसे बराच काळ राहतात, तेथील हवेत दर हजार भागांत एक भागापेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड असू नये. आजच्या भाषेत दर दहा लाख भागांत १००० भाग. हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या छोट्या यंत्रांवर हिरवा दिवा जाऊन पिवळा येतो तो बहुधा याच आकड्यापाशी. जर्मनीत या मर्यादेला आजही पेटनकोफर-संख्या म्हणतात.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे, आणि तो टाळण्यासाठी पेटनकोफर स्वतःही झटले. हजारी एक या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड हे विष आहे, असे त्यांनी कधीच म्हटले नाही. उलट, रसायनाने निर्माण केलेला तो शुद्ध वायू याहून कितीतरी अधिक असला तरी माणसाला फारसे काही होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या लेखी हा वायू केवळ निशाणी होता. माणसाच्या श्वासातून आणि अंगातून आणखी पुष्कळ काही बाहेर पडते, जे मोजता येत नाही. पण ते सगळे कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीनेच वाढते. जे मोजता येते त्यावरून न मोजता येणाऱ्याचा अंदाज घ्यायचा, असा हा विचार. तापमापकातील पारा म्हणजे ताप नव्हे, तसेच हे.

मर्यादा ठरली की पुढचा हिशोब आपोआप सुटतो. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य ताशी साधारण २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत हजारी ०.४ आणि आत हजारी १ ही मर्यादा धरली, तर प्रत्येक माणसामागे ताशी तेहतीसेक घनमीटर ताजी हवा लागते. हा हिशोब आपल्याकडच्या घरांना लावून पाहण्यासारखा आहे. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशा शयनखोलीत ३६ घनमीटर हवा मावते. वातानुकूलन यंत्र चालू, म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या. भिंतीवरचे हे यंत्र बहुतेक घरांत आतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करत असते, बाहेरची आणत नाही. झोपलेली दोन माणसे मिळून ताशी पंचवीस-तीस लिटर वायू सोडतात. फटी पूर्ण बंद असत्या तर पेटनकोफर यांची मर्यादा तासाभरातच ओलांडली गेली असती. आणखी एक बारीक भेद: त्यांच्या काळी बाहेरच्या हवेतच हा वायू आजच्या मानाने बराच कमी होता. आज तो दहा लाखांत ४२० च्या पुढे गेला आहे, म्हणजे मर्यादेपर्यंतचे अंतर दाराबाहेरच कमी झाले आहे.

पण फटी पूर्ण बंद नसतात, आणि नेमके हेच पेटनकोफर यांना मोजायचे होते. त्यांनी स्वतःची अभ्यासिका निवडली. खोली विटांची, आकारमान ७५ घनमीटर. आत मुद्दाम कार्बन डायऑक्साइड निर्माण करून तो किती वेगाने कमी होतो ते ते पाहत. या घटीवरून ताशी किती हवा बदलते याचे गणित मांडता येई. आजही इमारतींतील हवेचा बदल मोजताना हेच तत्त्व वापरतात. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत ऊब, असा सुमारे २० अंशांचा फरक असताना ताशी साधारण ७५ घनमीटर हवा बदलली, म्हणजे दारे-खिडक्या लावलेल्या असूनही खोलीतील सगळी हवा तासाभरात नवी झाली. मग त्यांनी प्रत्येक फट, किल्लीचे भोकसुद्धा, चिकटवून बुजवले. आकडा ५४ वर आला. आत-बाहेरचा फरक चारच अंशांचा असताना हवा केवळ २२ घनमीटर बदलली, आणि अशा वेळी खिडकी उघडली तरी ती ४२ च्या आसपासच राहिली. घराची हवा हलवणारा खरा पंखा म्हणजे उष्णतेतील फरक, हा त्याचा अर्थ. बाहेर आणि आत सारखेच उष्ण, वारा पडलेला, अशा दिवशी नुसती एक खिडकी उघडी आहे म्हणून हवा खेळते आहे असे समजू नये.

फटी बुजवूनही ५४ घनमीटर हवा कोठून आली? भिंतीतून, असे त्यांनी ठरवले. ते पटवण्यासाठी त्यांनी जो प्रयोग केला, तो अंगातील जुना नट जागा झाल्यासारखा होता. विटेच्या सर्व बाजू मेणाने लिंपायच्या, समोरासमोरच्या दोन बाजूंवर नरसाळी बसवायची, एका नरसाळ्यातून फुंकर मारायची आणि दुसऱ्यापुढे धरलेली मेणबत्ती विझवायची. श्रोते चकित होत. विटेत हवा जाते हे खरेच होते. पण जोराच्या फुंकरीने जे घडते ते भिंतीवरच्या मंद दाबाने घडत नाही. गिलावा केलेल्या भिंतीतून जाणारी हवा नगण्य असते, त्यांच्या खोलीतील उरलेली हवा बहुधा नजरेतून सुटलेल्या सांध्यांतून आली, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोजमापांनी दाखवून दिले. तरीही भिंती श्वास घेतात ही समजूत बांधकामाच्या व्यवसायात अजून ऐकू येते. प्रयोग जितका देखणा, तितकी त्यातून निघालेली चूक दीर्घायुषी.

मात्र वायुविजन हा सर्व दुखण्यांवरचा उतारा आहे, असे ते मानत नव्हते. घाण निर्माण करणारी वस्तू खोलीत ठेवून वर खिडक्या उघडत बसणे त्यांना हास्यास्पद वाटे. घरात शेणाचा ढीग असेल तर वास घालवण्यासाठी वारा खेळवू नये, ढीगच उचलावा, अशा आशयाचा त्यांचा दाखला प्रसिद्ध आहे. ताज्या हवेचे काम फक्त एवढेच, की माणसे आहेत म्हणून जे अटळपणे निर्माण होते ते वाहून न्यावे. आपल्या स्वयंपाकघरांतील ओल्या लाकडाची चूल, देवघरातील कोंडलेला धूप, रात्रभर जळणारी डासांची कॉइल यांना हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. अभियंते आजही तोच क्रम सांगतात: आधी उगम काढा, मग हवा बदला.

घर हे त्यांच्या लेखी एक मोठे वस्त्र होते. अंगावरचे कपडे जसे शरीर आणि हवा यांच्यातील व्यवहार सौम्य करतात, तसेच घर करते; आणि घराखालची जमीनही या व्यवहारातून सुटत नाही. १८७२ मध्ये ड्रेस्डेन येथे दिलेल्या लोकप्रिय व्याख्यानांत त्यांनी वस्त्र, निवास आणि जमीन यांचा हवेशी असलेला संबंध एका सूत्रात गुंफला. त्यात ज्या घरांत दिव्याच्या वायूचा नळच नव्हता, अशा घरांतील माणसे हिवाळ्यात त्याच वायूने विषारली गेल्याच्या घटना येतात. रस्त्याखालचा नळ फुटलेला, वरची जमीन गोठून घट्ट झालेली, आणि शेजारचे तापलेले घर धुराड्यासारखे जमिनीतली हवा वर ओढत असलेले. वायू मातीतून सरळ शयनगृहात येई, आणि आजाऱ्याला विषमज्वर झाला असे समजून उपचार चालत. तापलेले घर जमिनीतील हवा शोषते, ही त्यांची जाण काळाच्या पुढची होती. खडकांतून घरात शिरणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचा अभ्यास शंभर वर्षांनंतर याच मार्गाने झाला.

दरम्यान त्यांची कीर्ती वाढत होती. राजाने दिलेल्या पैशातून त्यांनी लोखंडी पत्र्याची एक लहानशी खोली बांधून घेतली. तिच्यात माणूस जेवे, झोपे, काम करी. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचा कण न् कण मोजला जाई. कार्ल फॉन फोइट यांच्यासह त्यांनी येथे केलेले प्रयोग हे माणसाच्या पोषणशास्त्राच्या पायाचे दगड मानले जातात. १८६५ मध्ये म्युनिक विद्यापीठात त्यांच्यासाठी आरोग्यशास्त्राचे स्वतंत्र अध्यासन निर्माण झाले आणि बव्हेरियात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हा विषय सक्तीचा झाला. व्हिएन्नाने बोलावणे धाडले तेव्हा म्युनिकने त्यांना स्वतंत्र संस्था बांधून देण्याचे कबूल करून ठेवून घेतले. ती १८७९ मध्ये सुरू झाली. नगराला आरोग्याची किंमत किती, यावर १८७३ मध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी व्यापाऱ्याच्या खतावणीसारखा हिशोब मांडला. म्युनिकमध्ये दर हजारी ३३ माणसे वर्षाला मरतात, लंडनमध्ये २२. हा फरक भरून निघाला तर आजारपणात बुडणारी मजुरी आणि उपचारांचा खर्च किती वाचेल, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. नगरपालिकेला दयेची भाषा समजत नसेल तर पैशाची समजेल, हा त्यांचा व्यवहार होता आणि तो यशस्वी ठरला. म्युनिकमध्ये गटारे आली, १८८३ मध्ये मांगफाल खोऱ्यातून डोंगरातले स्वच्छ पाणी आले, विषमज्वर ओसरला.

याच यशात त्यांच्या आयुष्याची मोठी शोकांतिका दडलेली होती. गटारे बांधा असे ते सांगत, ते पाणी दूषित होऊ नये म्हणून नव्हे. जमीन आणि तिच्यातली हवा शुद्ध राहावी म्हणून. १८५४ मध्ये औद्योगिक प्रदर्शन भरले असतानाच म्युनिकमध्ये पटकीची साथ पसरली, तेव्हापासून त्यांनी या रोगाचा पाठपुरावा चालवला होता. रोगाचे बीज बाहेरून येते हे त्यांना मान्य होते; पण ते बीज सच्छिद्र, ओलसर, घाणीने भरलेल्या जमिनीत पिकल्याशिवाय साथ होत नाही, भूजलाची पातळी उतरली की धोका वाढतो, आणि पिण्याचे पाणी हे रोगाचे वाहन नव्हे, असा त्यांचा सिद्धान्त होता.

या सिद्धान्ताचे पडसाद हिंदुस्थानात उमटले. पटकीचे माहेर म्हणून युरोपची नजर बंगालवर होती. १८६८ मध्ये इंग्रज सरकारने टिमोथी लुईस आणि डेव्हिड कनिंगहॅम या दोन लष्करी डॉक्टरांना या रोगाच्या संशोधनासाठी निवडले, आणि कलकत्त्याला धाडण्यापूर्वी जर्मनीत पाठवले. तेथे ते पेटनकोफर यांनाही भेटले. पुढे अनेक वर्षे येथील सरकारी आरोग्य खात्याने रोग स्थानिक जमीन-हवेतून उद्भवतो याच मताचा आग्रह धरला. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता. जहाजे अडवून ठेवण्याची गरज नाही असे सांगणारे मत व्यापारी साम्राज्याला सोयीचे वाटले नसते तरच नवल. या सोयीची किंमत येथल्या माणसांनी मोजली. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी त्याच कलकत्त्यात रुग्णांच्या आतड्यांत आणि एका तळ्याच्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू दाखवला.

पेटनकोफर मागे हटले नाहीत. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहर पटकीने उद्ध्वस्त झाले; साडेआठ हजारांच्या आसपास माणसे मेली. एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पिणारे हॅम्बुर्ग मरत होते आणि त्याला लागूनच असलेले, वाळूतून गाळलेले पाणी पिणारे आल्टोना बव्हंशी वाचले होते. हवा तीच, जमीन तीच, फरक केवळ पाण्याचा. याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षात, पेटनकोफर यांनी पटकीच्या जिवंत जंतूंचे द्रावण साक्षीदारांसमक्ष प्राशन केले. जठरातील आम्लाने जंतू मारले असा आक्षेप येऊ नये म्हणून आधी सोडाही घेतला. त्यांना किरकोळ हगवण झाली, एवढेच. काही दिवसांनी त्यांचे शिष्य रुडॉल्फ एमेरिख यांनी तोच प्रयोग केला. ते अधिक आजारी पडले, पण वाचले. सिद्धान्त सिद्ध झाला असे गुरूंना वाटले. वैज्ञानिक जगाला मात्र एका वृद्धाचे विलक्षण धाडस आणि तितकेच विलक्षण दैव दिसले. आयुष्यभर मोजमापावर भिस्त ठेवणाऱ्या माणसाने अखेर एका शरीरावरचा एक प्रयोग हजारो मृत्यूंच्या नोंदींपेक्षा वजनदार मानावा, ही गोष्ट मनाला लागून राहते.

बंद खोलीच्या हवेविषयीचे त्यांचे स्पष्टीकरणही पूर्णपणे टिकले नाही. उच्छ्वासात काही अज्ञात सेंद्रिय विष असते अशी जी कल्पना त्या काळी रूढ होती, ती विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल फ्ल्यूगे यांच्या प्रयोगशाळेत मोडीत निघाली. माणसांना बंद कपाटासारख्या खोलीत बसवून पाहिले, तेव्हा जीव कासावीस होतो तो मुख्यतः उष्णता आणि दमटपणा यांमुळे, आणि नुसता पंखा लावला तरी आराम पडतो, असे दिसले. गंमत अशी, की श्वासासोबत उडणारे सूक्ष्म थेंब रोग पसरवतात हेही फ्ल्यूगे यांनीच दाखवून दिले होते. उच्छ्वासात धोका होताच. तो विषाचा नव्हता, जंतूंचा होता. आणि तो मोजण्यासाठी पेटनकोफर यांची निशाणी तितकीच उपयोगी ठरते, कारण खोलीत कार्बन डायऑक्साइड किती साचला यावरून दुसऱ्याने सोडलेली हवा आपण किती प्रमाणात पुन्हा आत घेत आहोत, हे कळते. करोनाच्या साथीत शाळांच्या वर्गांत हा वायू मोजणारी यंत्रे बसवली गेली ती याच तर्काने. जर्मनीच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये घातलेल्या वर्गवारीतही दहा लाखांत १००० पर्यंतची हवा निर्धोक, २००० पर्यंतची लक्ष देण्याजोगी आणि त्यापुढची अस्वीकार्य, अशाच पायऱ्या आहेत. कारण बदलले, आकडा राहिला.

मानसन्मान त्यांना उदंड मिळाले. १८८३ मध्ये उमरावपद आले आणि नावात फॉन हे उपपद लागले. पण घर रिकामे होत गेले. हेलेना १८९० मध्ये वारल्या. मुलांपैकी काहींचे मृत्यूही त्यांना पाहावे लागले. १८९४ मध्ये त्यांनी अध्यासन सोडले. तोवर आरोग्यशास्त्र म्हणजे जंतुशास्त्र असे समीकरण होऊन बसले होते. विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाभोवती जमत, आणि खोलीतली हवा बाटलीत भरून नेणारे आजोबा आदराने विस्मरणात ढकलले गेले होते. स्मरणशक्ती आणि काम करण्याची ताकद ओसरत चालल्याची जाणीव त्यांना असह्य झाली. १० फेब्रुवारी १९०१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, म्युनिक येथे त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

शहराच्या जुन्या दक्षिण दफनभूमीत त्यांची समाधी आहे. म्युनिक विद्यापीठातील संस्था आज मॅक्स फॉन पेटनकोफर यांच्या नावाने चालते, आणि तेथे जंतू व विषाणू यांच्यावर संशोधन होते.